नाडा धरणारा

भुजंगनं पकडीत तार धरली आणि पिळली, पण उलटी. अँटेनाचा पाईप भिंतीतल्या हुकाला आवळून ठेवणारी ती जाड तार एक वेढा सुटली, मग दुसरा. खालून पाहणाऱ्याला वाटलं असतं, गडी किती मन लावून काम करतोय. वैशाखाचं ऊन, साडेतीन वाजलेले, स्लॅब तव्यासारखा तापलेला, आणि हा पन्नाशीचा माणूस शिडी चढून मित्राच्या घरावर बसला होता आणि त्याच्याच टीव्हीची वाट लावत होता.

"आलं का?" त्यानं खाली वाकून विचारलं.

"मुंग्याच दिसून राह्यल्यात," खिडकीतून तातेरावचा आवाज आला. "जरा म्हैसमाळकडं कर."

भुजंगनं पाईप म्हैसमाळच्या टॉवरच्या दिशेनं नेला, आणि मग हळूच थोडा पुढे.

शनिवारच्या पेपरात ते नाव बेबीनंदाला दिसलं होतं. रविवार, दुपारी चार, मराठी चित्रपट : 'तळाला पाणी'. बेबीनंदा तातेरावची लेक, वर्षापूर्वीच जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलेली. हा रंगीत टीव्ही तिच्याच पगारातला. "बाबा, तुमचा सिनेमा!" म्हणत ती पेपर नाचवत घरात शिरली आणि संध्याकाळपर्यंत टेंभुर्णीतल्या त्या आळीत सगळ्यांना आवतण गेलं. भुजंगकडे मात्र तातेराव स्वतः काठी टेकत आला होता. बसला, तांब्याभर पाणी प्याला आणि उठताना म्हणाला,

"पोरगी ऐकून न्हाई राह्यली. तुला नसंल यायचं तर नको येऊ. ऊन लई हाये."

भुजंगला ते बोलणं नीट उमगलं नाही. तो आला, आणि येताना पकड घेऊन आला.

बाकीच्या गावानं सिनेमा पाहिला तरी त्याचं काही बिघडणार नव्हतं. त्यातलं कळण्यासारखे डोळे एकाच घरात होते. विहिरी खोदणाऱ्याचे डोळे.

चौदा वर्षांपूर्वी, पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात, पुण्याकडची काही मंडळी दोन जीपगाड्या आणि एक टेम्पो घेऊन टेंभुर्णीत उतरली होती. त्यांना एक कोरडी विहीर हवी होती. त्या साली कोरड्या विहिरीला काय तोटा. गावाबाहेर नाल्याच्या काठची त्यांनी निवडली. गोष्ट दोन भावांची होती. धाकटा विहिरीत उतरून खडक फोडतोय, थोरला वर नाडा धरून बसलाय, आणि एका क्षणाला थोरल्याच्या मनात जमिनीचा विचार येतो. तेवढ्या एका क्षणावर सगळा सिनेमा उभा होता, असं डायरेक्टर सारखं सांगायचा.

धाकट्या भावाचं काम करणाऱ्या नटानं विहिरीच्या काठावरून एकदा आत पाहिलं आणि तो खुर्चीवर जाऊन बसला. मग गावातले विहिरीवाले बोलावले गेले. तातेराव आणि भुजंग ही पंचक्रोशीतली ठरलेली जोडी. भुजंगची चार एकर कोरडवाहू जमीन उन्हाळ्यात काही मागायची नाही, आणि तातेरावला जमीनच नव्हती. दोघं शाळेत एका फळ्यापुढे बसले होते आणि नंतर पंधरा उन्हाळे एका नाड्यावर काढले होते. नाडा म्हणजे मोटेचा असतो तसा मनगटाएवढा जाड दोर. कप्पीवरून तो खाली सोडायचा, आणि खालच्याचा जीव वरच्याच्या हातात.

त्याची एक रीत होती. उतरणारा माणूस नाड्याचं टोक स्वतःच्या हातानं वरच्याच्या हातात द्यायचा. ते कुणी आपण होऊन उचलायचं नाही. आणि एकदा हातात घेतलं की वरच्यानं फक्त खालच्याचं ऐकायचं. काठावर विहिरीचा मालक येवो की पाटील येवो, तो काहीही बोलो, वरच्याला कान एकच.

तातेरावनं त्या दिवशी नटाचा चौकड्याचा सदरा घातला होता. सगळं गाव जमलं होतं. थोरल्या भावाचे हात पडद्यावर मोठे दिसायचे होते आणि ते काम करणाऱ्या नटाचे हात लोण्यासारखे. डायरेक्टरनं भुजंगचे पंजे उलटेसुलटे करून पाहिले आणि "हेच हात पाहिजेत" म्हणाला. भुजंगच्या डाव्या हाताची तर्जनी कडबा कापताना अर्धी गेलेली. नटाला पाचही बोटं शाबूत होती, पण ते डायरेक्टरच्या लक्षात आलं नाही. सिनेमा का पडला याचं एक कारण तेही असेल.

ठरलं होतं ते असं : तातेरावनं तळापासून बारा-तेरा हात उंचीवर कपारीत पाय रोवून उभं राहायचं, म्हणजे नाड्यावर भार नाही. डायरेक्टरनं रुमाल हलवला की भुजंगनं मुठी उघडायच्या, मोजून हातभर ढील द्यायची आणि परत आवळायचं. एरवी नाड्याचा एक वेढा मागच्या खुंटाला असायचा. तो चित्रात वाईट दिसतो म्हणून काढायला लावला होता. तातेरावनं उतरताना नाडा भुजंगच्या हातात दिला आणि हसत म्हणाला, "हिरो मी हाये आज. सांभाळ."

कॅमेरा भुजंगच्या बोटांपासून दोन वितींवर होता. त्याला त्याची घरघर ऐकू येत होती. रुमाल हलणार एवढ्यात खाली कपारीचा दगड निखळला आणि तातेराव ओरडला, "धर!"

त्याच वेळी वरून डायरेक्टर ओरडला, "ढील! ढील द्या, भुजंगराव!"

भुजंगराव. गावात त्याला कुणी राव म्हणत नसे.

दोन्ही हाका त्याला ऐकू आल्या होत्या. अगदी बराबर ऐकू आल्या होत्या. आणि त्यानं मुठी उघडल्या, शिकवलं होतं तशा, आधी अंगठे, मग बोटं.

तातेरावचा खुबा मोडला. जीपमध्ये घालून त्याला औरंगाबादला नेलं. काठावर सगळे भुजंगभोवती जमले आणि तो म्हणाला, "सरकला. हातातून सरकून गेला." मुठी त्यानं मिटूनच ठेवल्या होत्या. कारण नाडा सरकला तर तळहात भाजतो, सालटं निघतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि त्याचे तळहात कोरे होते.

दिवस मावळताना तो गोठ्यामागे गेला. नाड्याचं टोक त्यानं जोखडाला बांधलं आणि दोन्ही तळहात त्यावरून घासत राहिला. कातडी सुटेपर्यंत घासले. बैल मान वळवून पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तातेरावच्या बायकोला, चांगुणाबाईला, औरंगाबादच्या एसटीत बसवायला गेला. ती गाठोडं बांधत होती. त्याचे हात पाहून तिनं गाठोडं बाजूला ठेवलं. नवरा दवाखान्यात पडलेला, पोटात अन्नाचा कण नाही, आणि ती बाई याच्यापुढे बसून याच्या तळहातांना कोरफडीचा गर लावू लागली. लावण्याआधी ती ते हात बराच वेळ बघत राहिली होती. भुजंगला वाटलं, जमीन दुभंगावी.

जमीन काही दुभंगली नाही. तातेराव तीन महिन्यांनी घरी आला, एक पाय दोन बोटं आखूड घेऊन. विहिरी सुटल्या. तो पिठाच्या गिरणीवर बसू लागला. भुजंगनं तेव्हापासून काय काय केलं, ते आळीत सगळे कौतुकानं सांगत. नव्या ज्वारीचं पहिलं पोतं तातेरावकडे. पावसाआधी घर शाकारायला भुजंग. ही स्लॅबची खोली बांधली तेव्हा पाणी मारायला भुजंग. "सख्खा भाऊ करणार न्हाई," लोक म्हणत, आणि ते ऐकलं की त्याला त्या रात्री भाकर जात नसे.

सिनेमा पुढच्या वर्षी दिवाळीत जालन्याला लागला आणि तीन दिवसांत उतरला. तातेराव कुबड्या घेऊन एसटीनं गेला होता. संध्याकाळी परत आला आणि गिरणीच्या ओट्यावर टेकत म्हणाला, "गेल्तो, पण बोर्डच बदललेला. काढला म्हणे." भुजंगच्या तोंडून सुटकेचा उसासा बाहेर पडला, तो त्यानं खोकल्यात घातला. त्यानंतर त्या सिनेमाचं नावही कुणी काढलं नाही. कालपर्यंत.

"काका, आलं! आलं!" खालून बेबीनंदा ओरडली. "हात नका काढू आता!"

भुजंगनं हात काढून पाहिला. पाईप वाऱ्याबरोबर लगेच फिरला आणि खोलीतून एकसाथ "गेलं" असा सूर उठला.

"काका, तार ढिली झाली वाटतं. धरूनच ठेवता का जरा? दोन तासांचा तर प्रश्न हाये."

स्वतःच सोडलेल्या तारेनं त्याला असं बांधून घातलं. त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढून पाईपाभोवती गुंडाळला आणि दोन्ही हातांनी धरून बसला. वाटलं तेव्हा सोडता येईल, एवढं तरी हाती होतं. वारा काय आपल्या बापाचा नोकर आहे, असं म्हणता येईल.

चार वाजले. पाट्या सुरू झाल्या तसं खोलीत सामसूम झाली. झरोक्यातून आवाज वर येत होता, चित्र मात्र त्याला दिसत नव्हतं. थोरला भाऊ बोलत होता, धाकटा बोलत होता. मधेच कुणी तरी म्हणे, "आपला नाला पाह्य." मधेच पडद्यावरच्या गर्दीत गावातलं आता हयात नसलेलं कुणी ओळखू यायचं आणि बायका हळहळायच्या. भुजंग गोष्टीचा माग काढत होता. भावांचं भांडण झालं. मग समेट झाला. मग एक गाणं लागलं, कसलं तरी पेरणीचं.

अंगणात काठीचा आवाज आला. तातेराव एकटाच बाहेर आला होता. शिडीला एक हात टेकून त्यानं मान वर केली.

"भुजंगा."

"काय?"

"सोड तो पाईप."

"चित्र जाईल ना."

"जाऊ दे. वाऱ्यानं गेलं म्हणू. गाणं संपलं की इहिरीचा सीन येतो."

गाण्याचं दुसरं कडवं चालू होतं.

"तुला काय ठाव, काय येतो ते?"

तातेरावनं काठी या हातातून त्या हातात घेतली. "ये खाली. ऊन लागंल."

बोर्ड बदललेला नव्हता तर. हा माणूस कुबड्या बगलेत घेऊन जालन्याच्या थेटरात बसला होता, त्यानं पडद्यावर ते हात पाहिले होते, घरभर मोठे, कोरे, आपण होऊन उघडणारे हात. आणि एसटीनं परत येऊन त्यानं बोर्डाची थाप मारली होती. आणि मग? भुजंगला त्याच्या पुढचा चैत्र आठवला. आळीच्या विहिरीचा गाळ काढायचा होता. तातेरावचा धाकटा भाऊ संपत पहिल्यांदाच उतरत होता. काठावर सात-आठ जाणती माणसं उभी होती. तातेराव लंगडत पुढे आला, संपतच्या हातातलं नाड्याचं टोक घेतलं आणि सगळ्यांसमोर ते भुजंगच्या हातात दिलं. भुजंग तेव्हा मनात म्हणाला होता, याला ठाऊक नाही म्हणून देतोय.

आता गप्प बसलं तर सगळं निभावणार होतं. पाईप सोडायचा, खाली उतरायचं, चहा प्यायचा. तातेरावनं सगळी सोय करून ठेवली होती.

"तातेराव," तो म्हणाला, "त्यात आवाज मागून भरलेले हायेत. तुझी हाक त्यात नसंल."

"न्हाई."

"मला ऐकू आल्ती ती. धर म्हणलास, ते बराबर ऐकू आल्तं मला."

तातेरावची मान वर तशीच राहिली, पण तोंडावरची माया गेली. तिच्या जागी राग आला असता तरी भुजंगला बरं वाटलं असतं. मुठी उघडलेल्या तातेरावनं पडद्यावर पाहिल्या होत्या. याला आपली हाक ऐकू आली नसणार, एवढ्या एका गोष्टीवर त्यानं इतकी वर्षं निभावून नेली होती, आणि तीही आता भुजंगनं काढून घेतली.

तो वळला. काठी टेकत अंगणातून गेला, उंबऱ्यावर आखूड पाय आधी ठेवला आणि आत दिसेनासा झाला.

गाणं संपलं.

तेवढ्यात नाल्याकडून वावटळ आली. धुळीबरोबर कागद, पाचोळा, शेजारच्या दोरीवरचं लुगडं उडालं. टॉवेल सुटून स्लॅबवर पडला आणि वाऱ्यानं ओढत नेला. पाईप फिरू लागला. भुजंगनं तो उघड्या हातांनी पकडला आणि त्याच्या तोंडून हाय निघालं. दिवसभर उन्हात उभं असलेलं लोखंड होतं ते.

"काका, हललं!" बेबीनंदा ओरडली. "हलून राह्यलंय!"

सोडला असता तर कुणी बोल लावला नसता. वावटळ सगळ्यांनीच पाहिली होती. तातेरावनं तर सांगूनच ठेवलं होतं. भुजंगनं झरोक्याकडे कान लावला. खोलीत कुणी तरी खोकललं, एक लेकरू रडलं. मग आतून, पार खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून, तातेरावचा आवाज आला. विहिरीच्या तळातून यायचा तसाच, पोटातून काढलेला.

"धर!"

आणि क्षणभरानं, जरा खालच्या पट्टीत, "धर तसंच."

भुजंगनं धरला. तळहातांची आग खांद्यापर्यंत चढली तरी बोटं ढिली केली नाहीत. डोळ्यांत धूळ गेली होती म्हणून असेल, पण डोळे वाहत होते आणि पुसायला हात मोकळे नव्हते. खाली सगळी खोली गप्प झाली. मग एकदम पोरांचा गलका उठला.

"भुजंगकाकाचं बोट! अर्धं बोट पाह्य!"

टाळ्या पडल्या. बायका हसल्या. कुणी शिट्टी मारली. एवढ्या माणसांनी ते हात उघडताना पाहिले आणि एवढ्या माणसांना त्यात फक्त ते बोट दिसलं. तातेरावचा आवाज मात्र पुन्हा आला नाही.

वावटळ गेली तरी भुजंग तसाच धरून राहिला, थेट शेवटची पाटी येऊन बातम्या लागेपर्यंत.

शिडीवरून उतरताना त्याला दांडा नीट धरता येत नव्हता. माणसं "काका, तुमी तर हिरोच" म्हणत पांगत होती. आत तातेराव खुर्चीत बसला होता, बंद टीव्हीकडे तोंड करून. त्यानं मागे पाहिलं नाही. शेजारी आणखी एक खुर्ची ओढून ठेवलेली होती. ती इतका वेळ तिथेच होती की आत्ता ठेवली, हे भुजंगला विचारायचा धीर झाला नाही.

चांगुणाबाईनं कपबशी पुढे केली. भुजंगनं बशी घेतली आणि चहा सांडला.

"हात दाखवा," ती म्हणाली.

"काही न्हाई, वहिनी."

तिनं बशी खाली ठेवली आणि त्याचा उजवा हात ओढून उजेडात धरला. तळहातावर लालभडक पट्टा उमटला होता आणि त्यावर टपोरे फोड आले होते. ती बघत राहिली, पण त्या सकाळइतका वेळ नाही. मग भिंतीजवळच्या डब्यात लावलेल्या कोरफडीचं एक पान तिनं मोडलं, विळीवर मधोमध चिरलं आणि त्याच्यासमोर बसली.

"ह्या खेपेला खरंच भाजलेत, भाऊ," ती म्हणाली, आणि तिनं दुसरा हात पुढे करायला सांगितला.